मुक्कामी बाई

विद्यापीठाने आमच्या मुलाखती मंचरला घेतल्या. मी विज्ञानाची पदवीधर, आदल्या दिवसापर्यंत पाठ करून गेलेले. समोर बसलेल्यांपैकी एकानेही विज्ञानातलं काही विचारलं नाही. "गावात राहाल?" म्हणाले. मी म्हटलं, राहीन. "मुक्कामी?" म्हटलं, हो. "नक्की?" पुन्हा हो म्हटलं आणि माझी निवड झाली. एखाद्या गोष्टीला कुणी एवढ्या वेळा हो म्हणवून घेतलं की सावध व्हावं, हे तेव्हा कळण्याइतकी मी शहाणी नव्हते.

योजना सांगायला सोपी होती. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडच्या शाळांत शिक्षक टिकत नसत. यायचे, एक पावसाळा बघायचे आणि कुठून तरी वशिला लावून बदली करून घ्यायचे. म्हणून विद्यापीठाने ठरवलं की याच दोन तालुक्यांतली शिकलेली मुलंमुली निवडायची, पुण्यात वर्षभर फुकट बी.एड. करायला लावायचं आणि मग चार वर्षं डोंगराकडच्या शाळेत ठेवायचं. चार वर्षांनी पाहणी. पाहणी झाली की पूर्वेकडे, सपाटीच्या शाळेत जागा. मधेच सोडून गेलात तर पदवी विसरा.

माझं माहेर लोणी, सासर निमगाव सावा. दोन्ही पूर्वेची गावं, कांद्याची नि बाजरीची. डोंगर म्हणजे आमच्या दृष्टीने लांबून निळं दिसणारं काहीतरी. लेक नुकती चालायला लागली होती. सासूबाई म्हणाल्या, "जा तू. पोरीला मी बघते. एवढी शिकून चुलीपाशी बसलीस तर लोक मला नावं ठेवतील." त्यांनी शब्द पाळला. इतका पाळला की पुढे मला त्याचाच त्रास झाला.

मला डिंभ्याची शाळा मिळाली. धरणात मासेमारी करणाऱ्या एका कुटुंबाकडे मी खोली घेतली. घरमालकिणीला मी मावशी म्हणायचे, ती मला सगळ्या गावासारखं बाई म्हणायची. खोलीच्या खिडकीतून धरणाचं पाणी दिसे. कुणी पाहुणा आला की म्हणायचा, काय देखावा आहे! देखावा रोज उठून बघायला लागला की त्याचा राग येतो. मला यायचा. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला धरणाची भिंत, आणि मधे मी सातवी 'ब'ला आम्ल आणि अल्कली शिकवतेय.

शनिवारी शाळा सकाळची. शेवटची घंटा झाली की मी पिशवी घेऊन फाट्यावर उभी. डिंभ्याची एसटी वेळेवर आली तर लोकांना ती कालची वाटायची. मंचरला उतरायचं, नारायणगावची पकडायची, तिथून निमगाव. दिवेलागणीला घरी पोचायचे तेव्हा लेक सासूबाईंच्या पदरामागे लपलेली असायची. रविवारी सकाळी कुठे मांडीवर यायची, आणि दुपारी माझी निघायची वेळ. "शनिवारी येते हं," मी म्हणायचे. आधी रडायची. मग रडायची थांबली. सासूबाईंना ती आई म्हणायची आणि माझी कुणी चौकशी केली तर सांगायची, "ती शनिवारची आई." घरात सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसायचे.

पण हिशेब माझ्या बाजूने होता. लेक पहिलीत जायच्या आधीच माझी चार वर्षं भरत होती. पाहणी झाली की मी पूर्वेला, तिचं दप्तर मीच भरणार, शाळेत मीच सोडणार. या एका गोष्टीवर मी ती वर्षं काढली. शाळेचं काम मी चोख केलं, यात मोठेपणा नाही. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नव्हती. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. मावशी भाकरी थापताना विचारायची, "बाई, किती राह्यलं आता?" मी सांगायचे.

शेवटच्या हिवाळ्यात पाहणीला विद्यापीठातून एक प्राध्यापिका आल्या. बरोबर एक तरुण सहायक. त्यांची पद्धत अशी की शिक्षकाला बाहेर बसवायचं आणि गावकऱ्यांना वर्गात बोलावून, दार लावून विचारायचं. मी चिंचेखाली बसले. एकेक जण आत जात होता, बाहेर येत होता. येताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काहीतरी मोठं काम फत्ते केल्याचा भाव. मावशीचा नवरा तर माझ्याकडे बघून डोळे मिचकावून गेला, जो माणूस एरवी माझ्याशी मान वर करून बोलत नसे. मावशी शेवटी आली. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "सुटलात बाई तुमी."

मी त्याच आठवड्यात लेकीसाठी दप्तर घेऊन ठेवलं.

थोड्या दिवसांनी मला पुण्याला बोलावलं. प्राध्यापिकाबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. वाईट असत्या तर भांडता आलं असतं. त्यांनी चहा मागवला, माझा कप माझ्याकडे सरकवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "गावातले लोक तुमच्याविषयी फार वाईट बोलले."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा विषय आहे.

"तुम्ही वर्गात झोपता म्हणाले. गणित येत नाही. मुलांकडून मासे साफ करून घेता."

"मी मासे खात नाही," मी म्हटलं. 

"ते मी बाजूला ठेवते. लोक वाढवून बोलतात. पण तुमचं मन गावात नाही, तुमचा जीव मुलीपाशी आहे, हे जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. ते खरं आहे का?"

एवढ्या खोट्यातून त्यांनी नेमकं तेवढंच खरं उचललं. मी काय सांगणार? हो म्हटलं. या योजनेत मी पहिल्यापासून हो म्हणतच आले होते.

"आम्ही तुम्हाला काढणार नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना मनापासून वाटत होतं की ही चांगली बातमी आहे. "आमची योजना माणसं टाकून देणारी नाही." मग त्यांनी सांगितलं. त्याच गावात आणखी दोन वर्षं. आणि मन लागावं म्हणून शनिवारी दुपार आणि रविवार गावातच थांबायचं, घरोघर जायचं, लोकांत मिसळायचं. याला ग्रामसंपर्क म्हणत.

शनिवारही गेला.

डिंभ्याला परतले तेव्हा मावशी दारातच होती. "काय म्हनलं? कदी निघायचं?"

"मी झोपते वर्गात?" मी ओरडले. मी त्या घरात कधी आवाज चढवला नव्हता. शेजारपाजारच्या बायका बाहेर आल्या.

मावशी गोंधळली, पण तिचा चेहरा अजून खुशीतच होता. "म्हंजी सांगितलं का त्यांनी? अवो, आमी देवळात बसून ठरवलं व्हतं. ती नर्सबाई आठवती का? लई गुनाची. आमी सायबापुढं तिचं कौतुक केलं, तर सायबानं तिला हितंच ठिवली. सासरला जाऊ दिली न्हाई. अन् तो झोपाळू ग्रामसेवक, त्याच्या नावानं बोंब मारली, तर म्हैन्यात उचलला. मंग तुमाला सोडवायचं तर काय सांगायचं? तुमीच सांगा."

सरकारी माणसांचा त्यांना जो अनुभव होता, त्यातून निघणारं उत्तर हेच होतं. चार वर्षं मी यांच्या पोरांना निरीक्षणावरून अनुमान काढायला शिकवत होते, आणि अनुमान काढलं ते आईबापांनी.

"मला दोन वर्षं वाढवलीत तुम्ही," मी म्हटलं. "शनिवारसुद्धा नाही आता."

तेव्हा कुठे तिला कळलं. ती उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडायला लागली. मला तिची दया आली नाही. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात गावातले आठदहा जण मासे नेणाऱ्या टेम्पोत बसून पुण्याला गेले. प्राध्यापिकाबाईंना म्हणाले, आमी खोटं बोललो, बाईंवानी बाई न्हाई, लई चांगल्या हायेत. प्राध्यापिकाबाईंनी ऐकून घेतलं, त्यांनाही चहा दिला, आणि नंतर मला फोनवर म्हणाल्या, "पहिल्यांदा ते मनातलं बोलले. आता तुम्ही त्यांना पढवून पाठवलंत, हे मला आवडलं नाही." एसटीडी बूथवाल्यासमोर मी रिसीव्हर धरून उभी होते. चांगलं म्हटलं तरी अडकले, वाईट म्हटलं तरी अडकले. बाहेर पडायचं दार होतं कुठे, हे त्या योजनेत कुणालाच ठाऊक नसावं.

जूनमध्ये लेकीचं नाव डिंभ्याच्या प्राथमिक शाळेत घातलं. सासूबाई आधी तयार नव्हत्या. "पोरगी काय बाजाराची पिशवी आहे? आज इथे, उद्या तिथे?" पण मी रडले, नवऱ्याने समजावलं, आणि शेवटी तो तिला घेऊन आला. पहिले कितीतरी दिवस ती आईकडे जायचं म्हणून रडायची, म्हणजे सासूबाईंकडे. मी जवळ घ्यायला गेले की अंग आखडून घ्यायची. मला ती हाक मारत नसे. मग गावातली पोरं म्हणत तसं बाई म्हणायला लागली. आईपर्यंत यायला तिला पावसाळा संपावा लागला.

तिला रमवलं ते मावशीने, माझं श्रेय त्यात थोडं. शाळा सुटली की ती मावशीच्या मागेमागे. मावशीने तिला जाळं विणायला बसवलं, होडीत नेलं, सुकट भाजून खाऊ घातली. माझ्या शाकाहारी निमगावकर लेकीच्या अंगाला माशांचा वास यायला लागला. "आई, तू असं का बोलती? लई हळू बोलती," असं मला ऐकवायची. मावशी मला म्हणायची, "आमच्या तोंडानं अडकवलं तुमाला, निदान पोरीला तरी बघू द्या." मी बघू दिलं. माझा राग कधी गेला ते आठवत नाही. एका रविवारी ग्रामसंपर्क म्हणून मी मावशीकडेच जाऊन बसले आणि दिवसभर तिथेच होते, एवढं आठवतं.

दुसऱ्या पाहणीला गाव मुकं झालं. चांगलं बोलावं तरी पंचाईत, वाईट बोलावं तरी पंचाईत. आत गेलेला प्रत्येक जण म्हणाला, "आमाला काय ठावं न्हाई मॅडम." मावशीने तर तोंडाला पदरच लावला. प्राध्यापिकाबाई बाहेर आल्या. अंगणात माझी लेक पोरींबरोबर दोरीवरच्या उड्या मारत होती. तिच्याशी थोडं बोलल्या, मग माझ्याकडे वळून हसल्या.

"आता तुमचं मन इथे लागलंय," म्हणाल्या. "आता तुम्ही जायला हरकत नाही."

मला नारायणगावजवळची शाळा मिळाली. घरापासून सायकलच्या टप्प्यात. जे मागितलं होतं ते सगळं, तसंच्या तसं. मी आनंदाने सामान बांधलं. खरंच आनंदाने. त्या खिडकीकडे तर मी पाठ करून बसले होते.

निघायच्या दिवशी एसटी फाट्यावर येऊन थांबली. कधी नव्हे ती वेळेवर. सगळं गाव पोचवायला आलेलं. नवऱ्याने ट्रंका टपावर चढवल्या. लेक मावशीचा हात धरून उभी होती. मी गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून तिला बोलावलं. ती हलली नाही. मावशीने तिला हलकंच पुढे ढकललं. "जा गं, आईबरोबर जा." तिने मावशीच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि मागे सरकली, निमगावला सासूबाईंच्या मागे सरकायची तशीच.

"चल ना," मी म्हटलं. "घरी जायचंय."

ती रडत नव्हती. मला समजावून सांगावं तशी, हळू आवाजात म्हणाली, "तू जा, आई. मी हाय हितं. शनिवारी येत जा."

कंडक्टरने घंटा मारली.