गोळी घेऊन दिलेला पाठ

ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि पुढे मध्यभारतही मोडून नवे राज्य झाले, तेव्हा जुन्या शिक्षकांच्या याद्या नव्याने जुळवल्या जाऊ लागल्या. आमच्या शाळेत आदेश आला की प्रत्येकाने निरीक्षकांसमोर एक पाठ द्यावा. कामास कोण योग्य, ते त्यावरून ठरेल. मी भूमिती शिकवीत असे. कंपवात जडून मला दोन वर्षे झाली होती आणि निवृत्तीला सहा उरली होती.

रोगापेक्षा त्यावरची गोळी समजून घेणे अवघड होते. तिने हात शांत होई. परंतु तोंड कोरडे पडे, जीभ टाळ्याला चिकटे, जवळचे अक्षर पुसट होई आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसत. मी महिनाभर पाटीवर एकच वाक्य लिहून पाहिले: गोळीपूर्वी, तासाभराने, तीन तासांनी. नई सडकेवरच्या डॉक्टरांनी ती टिपणे तपासून वेळा बांधून दिल्या. आकृत्यांचा तास गोळीनंतर, तोंडी प्रश्नांचा तास आधी. पुस्तकातली प्रमेये मी पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतली.

पाण्याचे तेवढे राहिले. शाळेतल्या माठाजवळचा लोटा सर्वांचा, म्हणून ओठ न लावता वरून प्यायचे. माझे निम्मे पाणी सदऱ्यावर सांडे. शेवटी घरचा पेला आणला, मेजावर झाकून ठेवला आणि तोंड लावून घोट घोट पिऊ लागलो. मोठ्या बाहुल्या, जड जीभ, सततची तहान आणि झाकलेला पेला! आमच्या गावात याचा अर्थ एकच, भांग. शिक्षकांच्या खोलीत रोज कुणीतरी भांग गाळली का म्हणून विचारी, "क्यों मास्साब, आज छनी कि नहीं?"

मुख्याध्यापक आमच्यासारख्याच दक्षिणी, म्हणजे मराठी, घरातले. पाठाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतले.

"उद्या गोळी चुकवा. डोळे बरे दिसतील."

"आणि त्रिकोण कोण काढील?"

"निदान पेला तरी घरी ठेवा हो."

"पेला येईल," मी म्हणालो, "आणि गोळी घेऊन मीही येईन."

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी गोळी घेतली. फळ्यावर त्रिकोण काढला, पाया उजवीकडे वाढवला. रेषा सरळ आली. मग घसा ओला केला. मागच्या बाकावरून निरीक्षक म्हणाले, "मास्टर साहब, इसमें क्या है?" वर्गात खसखस पिकली.

"पानी है। सूँघ लीजिए।"

ते उठून आले, पण वास घेतला नाही. नव्या राज्याचे नवे पुस्तक त्यांनी माझ्या हाती दिले आणि फळ्यावरच्या त्याच आकृतीचे प्रमेय वाचायला सांगितले. या पुस्तकाचे पुठ्ठे माझ्याकडे नव्हते. पान नुसते करडे दिसत होते. प्रमेय मला मुखोद्गत होते. पुस्तक धरून म्हणून दाखवले असते, तर कुणाला कळले नसते. पण ज्यांना मी सिद्धतेवाचून काही मानू नका असे शिकवले, त्यांच्यापुढे वाचल्याचे सोंग करणे मला मान्य नव्हते.

"दवा के कारण मुझे पास का अक्षर नहीं दिखता," मी पुस्तक परत दिले. "आप पढ़िए, मैं सिद्ध करता हूँ।"

ते वाचू लागले. त्यांच्या प्रत्येक वाक्याला मी फळ्यावर कारण लिहीत गेलो.

नंतर कार्यालयात त्यांनी कोरा कागद पुढे केला. "लिख दीजिए कि नशा नहीं करते।"

"नहीं लिखूँगा," मी म्हणालो. "जो आरोप किसी ने लिखकर नहीं किया, उसका लिखित उत्तर मैं नहीं देता। दवा लेता हूँ, यह लिखवा लीजिए।"

मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. निरीक्षकांनी कागद मागे ओढून यादीत माझ्या नावासमोर काहीतरी लिहिले आणि यादी माझ्यापुढे सरकवली. मला अर्थातच दिसले नाही. मुख्याध्यापकांनी वाचून दाखवले: "दवा लेते हैं। पढ़ाने योग्य हैं।"

मी म्हणालो, "पुन्हा एकदा वाचा."