मॅडमच्या उरलेल्या गोळ्या

"हात वर कर. सगळ्यांना दिसू दे."

मॅडमनी, आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाने, खुर्चीत बसल्या बसल्या माझं मनगट धरून वर उचललं. कांदिवलीतल्या आमच्या पार्लरमध्ये तेव्हा आणखी चार गिऱ्हाइकं बसली होती. माझ्या बोटांच्या सांध्यांवर कातडी फाटलेली, तळव्यावर दुखरे लाल फोड. थ्रेडिंगचा दोरा ओढताना जीव जायचा. तरी ओढत होते.

"मलाही हेच झालं होतं. डर्मॅटोमायोसायटिस, कातडीचा आणि स्नायूंचा रोग. आता मी बघा आणि ही बघा. शिस्त लागते. ह्या लोकांना साध्या गोळ्या वेळेवर घेता येत नाहीत."

बायकांनी माझा हात बघितला, मग मॅडमचा चेहरा. पार्लरच्या मालकीण नीताताई हळूच म्हणाल्या, "तू आत जा गं, टॉवेल धू."

मी गेले. खाली मान घालून गेले, याची मला आजही लाज वाटते.

खोटं कशाला बोलू? मी त्या बाईवर जळत होते. तिची गाडी, तिचा फ्लॅट, त्याचा हेवा करत बसले असते तर पार्लरमध्ये एक दिवस टिकले नसते. मी तिच्या रोगावर जळत होते. दोन वर्षांपूर्वी तिच्या पापण्या जांभळ्या झाल्या होत्या, गळा आणि खांदे लालभडक. केस विंचरायला हात वर जात नव्हता. मीच विंचरून द्यायचे. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत बाई टवटवीत. मला सरकारी हॉस्पिटलात त्याच रोगाचं नाव सांगितलं. पण माझे केस गळत होते, तोंड आलं होतं, बोटं चिघळत होती. रोगसुद्धा हिच्या वाट्याला चांगला यावा!

डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली होती. मी केलीच नाही. मॅडमनी आपल्या उरलेल्या गोळ्यांची डबी दिली होती ना. रोग तोच, मग औषधही तेच, असं मी धरून चालले. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. घड्याळाचा गजर लावून घेत होते त्या गोळ्या. एक दिवस चुकवली नाही. आणि ही म्हणते शिस्त नाही.

मग चारकोपच्या आमच्या बिल्डिंगचा जिना चढताना मी दुसऱ्या मजल्यावर बसायला लागले. आई दारातून ओरडली, "इतकी धाप कित्याक लागता गो तुका?" दुसऱ्या दिवशी तिने मला ओढतच हॉस्पिटलात नेलं.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर तिथल्या डॉक्टरबाईंनी मला समोर बसवलं. माझा हात धरण्याआधी विचारलं, "बघू का?" मी त्यांना मॅडमचं सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "नाव एक असलं तरी रक्तातल्या अँटिबॉडी वेगवेगळ्या असतात. एकीत पापण्या, गळा लाल होतो, स्नायू कमजोर होतात, पण औषध बहुतेकदा चांगलं लागू पडतं. त्यांची तशी असावी. तुमची एमडीए-फाइव्ह आहे. हिच्यात अंगातली ताकद टिकू शकते, पण बोटांना जखमा होतात आणि फुप्फुसं सुजायची भीती असते. तळव्यांचे फोड बघून आधीच छातीचा स्कॅन करायला हवा होता."

"मी गोळ्या नीट घेतल्या नाहीत म्हणून नाही?"

"नाही. पण दुसऱ्याच्या गोळ्या घेण्यात तुमचा वेळ गेला."

स्कॅनमध्ये फुप्फुसं सुजलेली दिसली. नवी औषधं सुरू झाली. मी बाहेर बाकावर बसून रडले. आजारापेक्षा त्या वाया गेलेल्या दिवसांसाठी रडले. हेव्यापायी ते मी स्वतःच्या हाताने घालवले होते.

दोन महिन्यांनी कामावर गेले. मॅडम खुर्चीतच होत्या. "आलीस? दाखव बघू हात," म्हणून त्यांनी मनगट धरलं.

"सोडा."

मी हात सोडवून घेतला आणि डबी त्यांच्या मांडीवर ठेवली. "तुमच्या गोळ्या. तुमचा रोग वेगळा, माझा वेगळा. तुम्ही बऱ्या झालात ते शिस्तीने नाही. तुमची अँटिबॉडी वेगळी होती."

नीताताई म्हणाल्या, "अगं, तू आत जा."

"नाही जाणार, ताई."

माझी धाप अजून गेलेली नाही. जाईल का, डॉक्टरबाईही सांगत नाहीत. मॅडम पायऱ्या भराभर उतरतात तेव्हा मी जळते, आजही. जळेना का. पण माझा हात यापुढे मी दाखवला तरच कोणाला दिसेल. आणि टॉवेल धुवायला मी आत जाणार नाही.