पाचवीच्या आधी

आत्याची नक्कल करायला घरात मला कोणीही सांगावं, मी तयारच असते. दोन्ही कोपर वर धरायचे, धुतलेल्या बोटांतून पाणी निथळतंय असं दाखवायचं आणि मान तिरकी करून म्हणायचं, "ए बाई, बांगड्या वर सार. नखं बघू. लेकराला हात लावायचाय की भाकरी थापायचीय?" बाबा हसून लोळतात. आत्याही हसते आणि म्हणते, "कोपर अजून वर."

आत्या म्हणजे लीला आहेर, नाशिकच्या सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळांच्या वॉर्डातली सिस्टर. मूळची देवळ्याची, कांद्याच्या घरातली. नर्सिंगला जाते म्हटल्यावर आजोबा भडकले होते, "लोकांचं हागणं-मुतणं काढणार तू?" ती म्हणाली, "घरच्यांचं काढतेच की."

चिडली की तिची गावाकडची बोली बाहेर येते. "टोपडं कोठे शे?" असं ती ओरडली की शिकाऊ पोरी आधी टोपडं शोधतात, मग अर्थ विचारतात. बाळाचं डोकं उघडं दिसलं की तिचा तोल जातो. "ऊब गेली की जीव गेला," हे तिचं ठरलेलं वाक्य.

दोन हजार एकच्या थंडीत मी शाळा सुटली की तिचा डबा घेऊन जायचे. त्याच थंडीत बुधा आला. पेठकडचा, द्राक्षबागेत मजुरीला आलेला. बायकोला, सविताला, बागेतच कळा लागल्या होत्या. पोरगी दिवस भरायच्या आधीच झाली, तळहातावर मावेल एवढी. सविता तापानं फणफणून बायकांच्या वॉर्डात पडलेली. इकडे ऊब देणारी काचेची पेटी एकच, आणि तीत याहूनही लहान बाळ. डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं पोरीच्या तळपायाला उलटा हात लावला. गार होते.

"आईच्या छातीशी बांधता येत नाही, तर दुसरं माणूस हवं," ती म्हणाली.

बुधाची आई मंगलाबाई पुढे झाली, आणि खोकली.

"तुम्ही नाही, मावशी. खोकला आहे. बुधा, शर्ट काढ."

"बापानं?" मंगलाबाई मध्येच उभी राहिली. "पाचवी झाल्याबिगर? आमच्यात बाप तोंड पण नाय बघत लेकराचं. सटवाई कोपंल."

"सटवाई पाचवीला येणार ती कपाळावर नशीब लिहायला ना?"

"व्हय."

"मग तोवर कपाळ राखायला नको?"

मंगलाबाईनं हो म्हटलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली. "मी भिताडाकडं बघते. मला काय दिसलं नाय."

बुधानं शर्ट काढला तसा वॉर्डातल्या बाकीच्या आयांमध्ये खसखस पिकली. "बघा गं, नवी बाळंतीण आली!"

"हसा," आत्या म्हणाली. "उद्या तुमच्या नवऱ्यांनाही बसवते."

बुधा हात मागे लपवत होता. "बाई, छाटणी करून हात खरखरीत झालेत. टोचतील तिला."

"हातानं नाही, छातीनं धरायचंय."

आत्यानं पोरगी टोपडं-लंगोटासकट त्याच्या उघड्या छातीवर उभी ठेवली, मान वळवून नाक मोकळं केलं, धुतलेल्या कापडानं बांधली आणि वर घोंगडी घातली. तो असा बसला, जणू श्वास घेतला तरी काही सांडेल. सविताचं दूध वाटीतून यायचं, आत्या चमच्यानं थेंब थेंब पाजायची, मग तळपाय बघायची. बुधा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा.

पाचवीच्या दिवशी मी पोचले, तेव्हा पेटी रिकामी होती. त्यातलं बाळ सकाळी दगावलं होतं. आत्या पेटी आतून पुसत होती, तोच तोच कोपरा पुन्हा पुन्हा. पाठमोरीच म्हणाली, "बुधा, पेटी मोकळी झाली."

बुधानं घोंगडीवर हात ठेवला. तो जागचा हलला नाही.

संध्याकाळी मंगलाबाईनं स्टुलावर तांदूळ आणि सुपारी मांडली. सटवाईला लिहायला पेन हवं होतं, ते आत्यानं खिशातून दिलं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "अहो, पोर पुढ्यात घाला की. रीत आहे."

"खाली कशाला? गार पडंल," मंगलाबाई फिस्कारली. "तिथंच ऱ्हाऊ दे तिला. सटवाईला जागा सापडंना व्हय?"

मग ती नळाशी गेली. बांगड्या वर सारून हात धुतले आणि दोन्ही कोपर वर धरून आली, बोटांतून पाणी निथळत होतं. इतकी हुबेहूब आत्या मलाही कधी जमली नाही. हात कोरडे करून तिनं घोंगडी जराशी उचलली आणि नातीच्या तळपायाला उलटा हात लावला.

"सिस्टर," ती म्हणाली, "पाय ऊन हायत."

आत्यानं मान हलवली. मग मनगटानं डोळे टिपून ती पेटीचा तोच कोपरा पुन्हा पुसू लागली.