खोल्या रिकाम्या आहेत

आमच्या अंबूबाईसारखी खोटं बोलणारी बाई अख्ख्या महाळुंग्यात सापडायची नाही, आणि तिच्या खोटं बोलण्यावरच आमची चाळ उभी आहे.

खोल्या बिनपरवान्याच्या. मालकानं बजावून ठेवलेलं, फाईलवाला कुणी दिसला की खोल्या रिकाम्या म्हणून सांगायचं, नाहीतर पाडायला येतील. आम्ही सगळे दिवसभर कंपनीत. मागं एकटी अंबूबाई, माझ्या लेकीला सांभाळत. फाईलवाला आला की हिचं ठरलेलं, "कुणी न्हाई राहत हितं. समदे गेले."

यंदा आले ते मतदार यादीवाले मास्तर. त्यांनी तिचंच नाव घेऊन विचारलं, आणि या बयेनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "ती गेली गावाला. कायमची." कपाळ माझं! यादीतून नाव उडालं.

कळलं तेव्हा दोन दिवस जेवली नाही. जालन्याकडचं गाव सुटलं, नवरा गेला, पोरबाळ नाही. पण मतदानाला ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी रांगेत. म्हणायची, "बोटाला शाई लागली की वाटतं, आपून हाव अजून."

मी सुट्ट्या टाकून तिच्यासाठी धावले. मागं नाव लावताना कुणी एवढं विचारलं नव्हतं, आता राहण्याचा पुरावा पाहिजे. आधारवर पत्ता गावचा, गावच्या यादीतलं नाव केव्हाच कमी केलेलं. मालक तर अंगावरच आला, "खोल्याच नाहीत तर करार कसला डोंबलाचा?" करायचं तरी काय माणसानं? रडकुंडीला आले मी.

शेवटी चाकणला सुनावणी लागली. साहेब भला माणूस. म्हणाले, "आजी, तिथं राहता एवढं सांगा. मी आजच माणूस पाठवतो. चाळ बघेल, कोण कोण राहतं लिहून घेईल, पंचनामा झाला की नाव परत लागेल."

मी तिला ढोसलं. "मावशी, हो म्हण. आमचं बघू नको." म्हटलं खरं, पण लेकीला गच्च धरलं मी.

तिनं माझ्या कडेवरच्या लेकीकडं पाहिलं. मग पदर डोक्यावर घेतला.

"न्हाई साहेब. तितं कुणीच राहत न्हाई. समद्या खोल्या रिकाम्या हायत."

"मग तुम्ही राहता कुठं, आजी?"

अंबूबाई आपलं बिनशाईचं बोट चोळत राहिली.