बाबांचा घास आणि एक रेघ

रविवारी चारकोपला, माहेरच्या सोसायटीत, हिपॅटायटिस बीच्या तपासणीचं शिबिर होतं. आईला अक्षरशः ओढत नेलं... दोन वर्षं आम्ही दोघी आज-उद्या करत होतो.

दोन वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तेव्हा बाबांना हा आजार असल्याचं कळलं. तब्येत एकदम ठणठणीत, अधूनमधून चेकअप फक्त. पण घरी आल्या आल्या त्यांनी स्वतःचं ताट वेगळं केलं. मागे आईच्या नेलपॉलिशने खूण!

आणि घास बंद केला.

आमचे बाबा मालवणकडचे. रविवारी बांगड्याचं कालवण झालं की शेवटचा भात काटे काढून मस्त कालवायचे आणि आम्हाला एकेक घास भरवायचे. मला लग्नानंतरसुद्धा, नवऱ्यासमोर... मी लाजायचे, पण तोंड उघडायचेच.

दोन वर्षांत किती वेळा सांगितलं, बाबा, असं जेवणातून नाही हो पसरत. ऐकतील तर शपथ! "माझ्यामुळे तुमका काय झाला तर?" एवढंच म्हणायचे आणि ताट घेऊन खिडकीशी जाऊन बसायचे. मला ते बघवायचं नाही.

शिबिरात बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब एका छोट्या पट्टीवर टाकला. एक रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर पुढच्या तपासण्या. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं होतं. बाबा आत आलेच नाहीत, दाराबाहेर चपलांपाशी उभे. आईने माझा हात असा धरला होता की बांगड्या रुतल्या.

एकच रेघ. दोघींचीही.

मी बाबांना हाताला धरून आत आणलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, हे रक्तातून पसरतं, घासातून नाही. रेझर आणि ब्रश तेवढा वेगळा ठेवा. या दोघी लस घेतील." मग माझ्या चार वर्षांच्या ओवीकडे बघून विचारलं, "हिची लस झालीये ना?"

झालीये की! जन्मली त्याच दिवशी पहिला डोस, पुढचेही सगळे वेळेवर. मीच घेऊन गेले होते, आणि मला मेलीला हे बाबांना सांगायचं सुचलंच नाही. बाबा ओवीकडे बघतच राहिले...

दुपारी तेच खुणेचं ताट घेतलं, पण खिडकीशी गेले नाहीत. ओवीसमोर मांडी घालून बसले. भात कालवला, काटे दोनदा तपासले. हात मध्येच थांबला... तर ओवीने आपणहून मोठ्ठा आ केला! आई पदर डोळ्याला लावून आत गेली.

"आणि मला?" मी विचारलं.

"तुझे डोस पुरे होवंदेत आधी."

"अहो, डॉक्टर काय म्हणाल्या?"

"डॉक्टरांका सांगाक काय जाता!"

वाट लागली माझी! पहिला डोस सोमवारीच घेऊन टाकला. पुरे व्हायला सहा महिने आहेत... तोवर दर रविवारी ओवीच्या शेजारी बसून तिच्या घासाकडे बघणार.

चाळिशीला आले, स्वतःचं घर आहे, पोटभर जेवते. पण त्या एका घासाची भूक काही जात नाही हो.