साचेखात्याची बोली

लालबागला बंद गिरणीच्या भिंतीला लागून गाड्यांचं वायरिंग करणारा एक म्हातारा बसायचा. त्याचं नाव मी विचारलं नाही. माझी गाडी चालता चालता बंद पडायला लागली म्हणून मी ती त्याच्याकडे नेली.

"ईसीएम गेलाय साहेब. इंजिनाचा मेंदू. दुसरा टाकावा लागेल."

बॅटरीची वायर काढून त्याने जुना डबा उतरवला आणि नव्याच्या पिनांवर फुंकर मारली. मध्येच तो भिंतीकडे बघायचा, आवाज न काढता ओठ हलवायचा आणि उत्तर येत असल्यासारखा थांबायचा. मला हे ओळखीचं होतं. गिरणीच्या साचेखात्यात साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात काही ऐकू येत नसे, म्हणून कामगार ओठांनी आणि खुणांनी बोलत. माझे वडील याच गिरणीत साचेखात्यात होते, घरीही तसेच बोलायचे. संपात त्यांची नोकरी गेली, पाठोपाठ तेही गेले.

"कोणाशी बोलताय?"

"आमच्या खात्यातल्यांशी. गिरणी आपल्यासाठी बंद पडली. त्यांचे साचे चालूच आहेत."

नवा डबा बसला. चावी फिरवताच इंजिन सुरू झालं. भिंतीकडे बघून तो हसला, मग माझ्याकडे वळून त्याने स्वतःच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून ओढली.

"ही तुमची खूण काय? मघापासून एक जण करतोय."

लहानपणी माझ्या कानात नवसाची बाळी होती. बाबा मला अशीच हाक मारायचे. त्या हाकेला ओ द्यायची नसे, नुसती मान हलवायची.

मी भिंतीकडे बघितलं नाही. पण मान हलवली.