आमच्या ओट्यावर ठरलेला मॅनेजर

आमचा फुटबॉल क्लब जिल्ह्याच्या लीगमध्ये ‘अ’ गटातून ‘ब’ गटात घसरला, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी लोक बाबांना काढून टाकायला आमच्या घरी आले. आमच्याच घरी, कारण क्लबच्या बैठका पहिल्यापासून तिथंच होत. घराला लागून आमची पिठाची गिरणी आहे, पुढं पत्र्याचं शेड आणि लांब ओटा. त्या दिवशीही ओटा बाबांनीच झाडला, सतरंजी बाबांनीच अंथरली. मला म्हणाले, “चहा जरा जास्तीचा टाक. आज मंडळी जास्त येतीन.”

त्यांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

आमचं गाव चिखलीहून बुलढाण्याला जाताना लागतं. आजूबाजूला सगळीकडं क्रिकेट आणि कबड्डी. फुटबॉलचं वेड फक्त आमच्या गावाला, आणि ते आणलं दोघांनी. एक बाबा, दुसरे वेल्डिंगवाले चाचा. दोघं शाळेला बुलढाण्याला होते, तिथं खेळायला शिकले. बाबा पुढं खेळायचे, चाचा गोलमध्ये उभे राहायचे. गावाबाहेरच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, मोकळ्या जागेवर चाचांनी स्वतः लोखंडी पोल जोडून रोवले आणि बाबांनी पोरं जमवली. माझ्या आठवणीतले बाबा संध्याकाळी मोटर बंद करून, केसांतलं पीठ न झटकता तसेच सायकलवर मैदानाकडं निघालेले असतात. गावात सगळे त्यांना ‘भाऊ’ म्हणायचे.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, टीमचा कॅप्टन होता. पोलीस भरतीला खेळाच्या कोट्यातून बसायचं त्याच्या मनात होतं. ‘अ’ गटाच्या सर्टिफिकेटला वजन असतं, असं त्याला कोणी तरी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो घरात त्या सर्टिफिकेटशिवाय दुसरं काही बोलत नसे.

शेवटची मॅच बुलढाण्याला झाली. मी तेव्हा तिथल्याच कॉलेजात होते, पेपर देऊन सरळ मैदानावर गेले. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो. अर्ध्या खेळानंतर एकेक गोल झालेला होता. दादा दमला होता, गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहायचा. बाबांनी बदली केली ती मात्र दुसऱ्याच पोराची. उजव्या बाजूनं जो बारीक पोरगा सुसाट पळत होता, त्याला त्यांनी बाहेर घेतलं आणि एक बचाववाला आत धाडला. आपली माणसं ओरडली, “काऊन काढलं बे त्याले?” बाबांनी वळून पाहिलं नाही. मग अगदी शेवटी कॉर्नरवरून आलेला बॉल कोणाच्या तरी डोक्याला लागून आमच्या गोलात गेला, आणि आम्ही खाली गेलो.

परतीच्या टेम्पोत बाबा ड्रायव्हरजवळ बसले. एरवी त्यांच्या शेजारी बसायला पोरांत भांडणं व्हायची. त्या दिवशी ती जागा रिकामीच राहिली, म्हणून मी जाऊन बसले. मागून दादाचा आवाज आला, “गेलं माह्यं सर्टिफिकेट.”

रविवारी ओटा भरला तेव्हा सगळ्यात आधी सलूनवाला बोलला. हा रात्र रात्र मोबाइलवर बाहेरदेशीचं फुटबॉल बघायचा आणि सकाळी गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून त्याला ते समजावून सांगायचा. गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं, वस्तरा त्याच्या हातात असायचा.

“आधी एक गोष्ट,” तो म्हणाला. “कोच म्हणू नका, मॅनेजर म्हणा. तिकडच्या क्लबाईत मॅनेजर असते. टीम खाली गेली का दुसऱ्या दिवशी त्याची बॅग भरेल असते.”

“आपल्या मॅनेजरची बॅग पिठाची हाये,” मागून कोणी तरी म्हणालं आणि सगळे हसले. बाबाही थोडं हसले. ते हसले नसते तर मला बरं वाटलं असतं.

कृषी केंद्रवाले काका घसा खाकरून पुढं सरकले. जर्सी त्यांनी दिलेल्या होत्या, पाठीवर त्यांच्या दुकानाचं नाव होतं, त्यामुळं त्यांच्या बोलण्याला मान होता. “भाऊ, वाईट नका वाटू देऊ. मी तोंडावर बोलणारा माणूस हाये, पाठीमागं बोलत नाई. तुमी टीम दळणावाणी चालवली. वरून जे टाकलं, ते खाली पीठ होऊन पडलं.”

“एक इचारू काय भाऊ?” सलूनवाला म्हणाला. “तुमी फॉर्मेशन कोन्तं खेळवता?”

बाबांनी जरा विचार केला. त्यांना खरंच उत्तर द्यायचं होतं. “पोट्टे जसे असतीन तसं,” ते म्हणाले.

मग जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबेना. एकानं ते वाक्य दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं ओट्याखाली उभ्या असलेल्यांना. “पोट्टे जसे असतीन तसं! लिहून घ्या रे कोणी!” मी चहाचा ट्रे धरून दारात उभी होते. चाचांकडं पाहिलं. चाचा मान खाली घालून बोटावरचा जुना भाजलेला डाग खरवडत होते.

नव्या मॅनेजरसाठी दोन नावं होती. एक रिटायर झालेले हवालदार, दुसरे चिखलीच्या एका शाळेतले पीटीचे सर. हवालदार शिव्या फार देतात, असं एकानं सांगितलं. तेच पाह्यजे, दुसरा म्हणाला, आपल्या पोट्ट्याईले आजवर कोणी शिवीच देली नाई, म्हणून हे दिवस आले. सरांकडं कोर्सचा कागद होता, शिट्टी होती, ट्रॅकसूट होता. ट्रॅकसूटवर बरीच चर्चा झाली. बाबा शर्ट-पायजम्यावर मैदानात उभे राहायचे. समोरच्या टीमवाल्यांना वाटतं आमचा पाणीवाला उभा आहे, असं कोणी तरी म्हणालं.

तेवढ्यात गल्लीतली एक म्हातारी डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन आली. रविवारी सकाळी दळणाची वेळच असते. बाबा उठले. “तुमी बोला, मी आलो,” म्हणाले आणि आत गेले. खटका दाबला, मोटर सुरू झाली, पट्टा फिरू लागला. त्या आवाजात शेडमधलं काही ऐकू येत नाही. बोलायचं तर ओरडावं लागतं. बाबा आता ऐकू शकत नाहीत हे लक्षात येताच सगळे मोकळे झाले. मी मधल्या दारात होते, मला दोन्हीकडचं दिसत होतं. आत बाबा चाळणीखाली हात धरून पीठ बोटांत चोळून बघत होते. बाहेर माणसं गळ्याच्या शिरा ताणून त्यांच्यावर ओरडत होती, आणि दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की तिथं मारामारी चालू आहे.

“कॅप्टन काई बोलत नाई!” कृषी केंद्रवाले ओरडले. “बाप हाये म्हणून गप हाये काय?”

सगळे दादाकडं बघू लागले. दादा खांबाला टेकून बसला होता. तो उठून उभा राहिला.

पीठ निघालं होतं. बाबांनी खटका बंद केला. मोटर थांबली, पट्टा दोन-चार फेरे नुसताच फिरला, आणि त्या एकदम झालेल्या शांततेत दादाचा आवाज, जेवढा मोठा लावला होता तेवढाच मोठा, साऱ्या शेडभर ऐकू आला.

“बाबाले आता काई कळत नाई! मी घरी पाह्यतो ना रोज!”

म्हातारीनं आधी दादाकडं पाहिलं, मग बाबांकडं. बाबांच्या भुवया, गाल, मिशा पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. चेहऱ्यावर काय आलं आणि काय गेलं ते कळायला वावच नव्हता. त्यांनी डबा उचलून म्हातारीच्या हातात दिला. “गरम हाये आजी. झाकण उघडं ठेवजा जरा.”

मग ते बाहेर आले. “ठरलं काय?”

“हाव,” सलूनवाला हळूच म्हणाला.

“कोण?”

“चिखलीचे सर.”

“चांगले हायेत,” बाबा म्हणाले.

आता दया दाखवायची वेळ आली होती आणि ती कृषी केंद्रवाल्यांनी दाखवली. “तुमाले सोडून राह्यलो असं नाई भाऊ. मैदानाची फक्की मारणं, नेट बांधणं, जर्स्या सांभाळणं, हे तुमच्यावाणी कोणाले जमते? ते तुमच्याकडंच.”

फक्की म्हणजे मैदानावरच्या पांढऱ्या रेघांची पावडर. बाबा म्हणाले, “मारीन.”

तेव्हा आई घरातून आली. ओट्याच्या एका टोकापासून सुरुवात करून ती प्रत्येकाच्या हातातला कप काढून घेत गेली, भरलेला असो की अर्धा. सलूनवाल्यानं नुकताच कप तोंडाला लावला होता. तिनं तोही घेतला. “गार झाला,” म्हणाली. दादाच्या हातात कप नव्हता. त्याच्याजवळ ती थांबली, त्याच्याकडं पाहिलं आणि पुढं गेली. सगळे उठले. सरांना विचारायला चार मोटरसायकली चिखलीला गेल्या, त्यात दादाची पहिली होती. चाचा सगळ्यात शेवटी निघाले. दारात थांबून त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, “भाऊ…” म्हणाले आणि ओटा उतरून गेले.

सर चांगले होते, हे कबूल करायला हवं. त्यांनी रंगीत शंकू आणले, शिट्टी आणली, पोरांना सकाळी पळवलं. बाबा मॅचच्या दिवशी उजाडताच जाऊन फक्की मारून यायचे आणि मॅच सुरू व्हायच्या आधी गिरणीवर परत असायचे. एकदा सलूनवाल्यानं त्यांचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. वाकून रेघ ओढणारे बाबा आणि खाली लिहिलेलं, ‘जुने मॅनेजर, नवी नोकरी’. हसणारी तोंडं मोजता येऊ नयेत इतकी आली. मी रागानं तो बाबांना दाखवला, त्यांनीही रागवावं म्हणून. त्यांनी तो दोनदा पाहिला. “रेघ सरळ आली हाये,” म्हणाले.

सरांनी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना घड्याळ लावून पळवून पाहिलं आणि दादाला बाकावर बसवलं. कॅप्टनची पट्टी त्या बारीक पळणाऱ्या पोराला दिली. दादाला वाटलं, एखादी मॅच. पण दुसऱ्या मॅचलाही तो बसला, तिसऱ्यालाही. टीम जिंकत होती, त्यामुळं कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं. उलट आमच्याच ओट्यावर, दळणाची वाट बघत, तीच माणसं म्हणू लागली, “बापाच्या जिवावर खेळत होता. आता कळलं.” मी आत आहे हे त्यांना माहीत असायचं. सलूनवाला तर दादा दिसला की उठून जागा करून द्यायचा, “या कॅप्टन, बसा. तुमाले बसायची सवय हाये.”

एक दिवस दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. दादा ताटातली भाकरी चिवडत होता. शेवटी म्हणाला, “बाबा, तुमी एक डाव सरले बोला ना. तुमचं ऐकतीन ते. पुढच्या महिन्यात भरतीचे फॉर्म हायेत.”

त्या रविवारनंतर त्यानं बाबांशी सरळ बोलण्याची ही पहिलीच वेळ होती. मला वाटलं बाबा विरघळतील. तो मागत होता, आणि मागताना त्याचा चेहरा अगदी लहानपणीसारखा झाला होता.

बाबांनी घास संपवला, पाण्याचा घोट घेतला.

“सरनं बरोबर केलं,” ते म्हणाले. “तुह्यात दम नाई राह्यला. दोन वर्षांपासून नाई. हे मले तवाच दिसत होतं. बुलढाण्याच्या मॅचले तुले बाहेर घ्यायचं होतं अन् मी त्या पोराले काढलं. पोराले काढलं म्हणून आपुन खाली गेलो.” मग जरा थांबून म्हणाले, “तुह्या सर्टिफिकेटसाठी तुले आत ठेवलं. नाई ठेवायले पाह्यजे होतं.”

दादाचा हात ताटात तसाच राहिला.

“जेवू द्या ना त्याले,” आई म्हणाली.

“जेव ना. मी कुठं नाई म्हणतो?” बाबांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी वाटी पुढं केली. “वरण वाढ.”

मला तेव्हा समजलं की बाबांजवळ हे उत्तर पहिल्यापासून होतं. टेम्पोत होतं, ओट्यावर सगळे हसत होते तेव्हा होतं. तिथं ते एक वाक्य बोलले असते तर गावानं दादाला फाडून खाल्लं असतं. ते त्यांनी गावाला दिलं नाही. घरी, दादाला एकट्याला, अगदी भुकेच्या वेळी दिलं. मी आजही ठरवू शकत नाही की यातलं प्रेम किती होतं. त्या दुपारी बघताना तरी मला ते प्रेम दिसलं नाही. बाबा वरण-भात चवीनं जेवले, आणि दादा हात धुऊन बाहेर गेला.

भरतीचा फॉर्म त्यानं भरलाच नाही. दिवाळीनंतर तो जालन्याला एका सळईच्या कारखान्यात लागला. टीम त्याच हंगामात ‘ब’ गटात पहिली आली आणि परत वर गेली. गावातून गुलाल उधळत मिरवणूक निघाली, गिरणीसमोर थांबली. कृषी केंद्रवाल्यांनी बाबांच्या तोंडात पेढा कोंबला, सर बाबांच्या पाया पडले, चाचा रडले. बाबांनी पेढा खाल्ला आणि लोकांना पाणी दिलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. आईशी दोन शब्द बोलला, मग तिनं फोन मला दिला. मागं यंत्रांचा आवाज येत होता. थोडा वेळ तो माझ्या कॉलेजबद्दल, आईच्या गुडघ्याबद्दल विचारत राहिला. मग म्हणाला, “टीमचं काय झालं वं?”

मोघम सांगून फोन ठेवता आला असता. मी त्याला सगळं सांगितलं. कोणी किती गोल केले, त्या बारीक पोराला कसं खांद्यावर घेतलं, किती गुलाल होता, लोक काय म्हणत होते. त्याच्या जागी जो खेळतो तो किती चांगला खेळला, हेही सांगितलं. तो मधे मधे “हाव” म्हणत होता. “हाव” यायचं थांबलं तरी मी सांगतच राहिले.